डिसेंबरात ठिबकणारा माळा

राजाबाई शहागंजात पत्र्याचे पाइप वळायच्या. नवरा वारल्यावर त्याची कात्री आणि हातोडा त्यांनीच हाती घेतला होता. ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे काकासाहेबांनी, त्यांना घरी बोलावलं. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी आमच्या माळ्यावरून रोज सकाळी पाणी ठिबकायचं. छपराच्या पत्र्याला दोनदा डांबर लावूनही ते थांबत नव्हतं.

राजाबाई माळ्यावर चढल्या. मागोमाग मीही शिडीवर गेले. खाली न्हाणीघरात सासूबाई अंघोळ करत होत्या. राजाबाईंनी उदबत्ती पेटवली आणि न्हाणीघराची वाफ बाहेर नेणाऱ्या पाइपालगत फिरवली. एका सांध्यापाशी धूर एकदम बाजूला ढकलला गेला. पाइप तिथं निसटला होता.

त्यांनी माझा हात थंड पत्र्याला आतून टेकवला. तळवा ओलाचिंब झाला. बॅटरी लावली, तर सगळ्या पत्र्याला हजारो थेंब लटकत होते. मी बघतच राहिले.

"पाणी वरून नाय येत, बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंघोळीचीच वाफ हाय ही."

त्यांनी सांधा पक्का केला, पाइप पत्र्याच्या वर आणखी उंच नेऊन त्यावर टोपी बसवली आणि हवा खेळावी म्हणून माळ्याच्या दोन्ही भिंतींत जाळ्या ठेवल्या. चौथ्या दिवशी राजाबाई काम बघायला आल्या, तेव्हा काकासाहेब स्वतः वर जाऊन कोरड्या पत्र्यावर हात फिरवून आले.

"राजाबाई, तुम्हाला वारा दिसतो व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसत नाय, कळतो. लहानपणी मेंढरं राखली मी. वारा फिरला की ती आधी तोंड फिरवायची."