नऊ खोळी

शेषेराव गेले तेव्हा मातीला माणसं बरी जमली होती. ज्यांनी त्यांना गोत्यात आणलं ते सगळे पुढं उभे होते आणि त्यात मीही होतो. त्यामुळे इथं कुणावर दात खायचे झाले तर आधी स्वतःवर खायला हवेत.

रेणापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. शेषेराव आमच्याकडच्या बंदूक परवानाधारक संघाचे चिटणीस. नाव भारदस्त, पण त्यांना सोडून सभासद नऊ. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरतात म्हणून सरकारनं शेतकऱ्यांना परवाने दिलेले. ते दर तीन वर्षांनी नवे करून घ्यायचे आणि एखादा साहेब परवाने कमी करायला निघाला की निवेदन घेऊन लातूर गाठायचं, ही संघाची कामं. म्हणजे एकट्या शेषेरावांची. सगळ्यांचे परवाने ते एका खाकी पिशवीत घेऊन हिंडत. त्यांचा स्वतःचा नेम मात्र असा होता की डुकरं त्यांच्याच रानात निवांत चरतात, असं माझे वडील म्हणत.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडं गावंच्या गावं मातीत गेली. आमच्याकडं माणसं वाचली, पण भिंती फुटल्या आणि अख्खं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलं. एकाच खोलीत चूल, धान्य, पोरंबाळं. त्यात भरलेली बंदूक कुठं ठेवणार? संघाचं एक लोखंडी कपाट शेषेरावांकडं होतं. प्रत्येकानं आपली बंदूक त्यात नेऊन ठेवली. त्यांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी, घरटी एकेक जुनं लुगडं मागून घेतलं आणि नऊ खोळी शिवल्या, म्हणजे कापडावरूनच कुणाची बंदूक कुठली ते कळावं. माझ्या आईनं आपलं हिरवं, लाल काठाचं दिलं. ते माझ्या बारशाला तिला माहेरहून आलेलं होतं.

दुसऱ्याची बंदूक घरात ठेवणं गुन्हा आहे, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना आमच्या. त्या वर्षी चोरांच्या आवया उठत, तेव्हा शेषेराव कपाट उघडत आणि आमचे वडीलधारे पहारा देत. संघाला तेव्हा असा मान होता की लग्नात पहिला फेटा चिटणिसाला. पुढं पक्की घरं झाली, तरी बंदुका कपाटातच राहिल्या.

मग लातूरला क्लासचं वारं सुटलं. ज्याच्या घरात नववी-दहावीचं पोरगं, त्यानं रान बटईनं दिलं आणि पोराची आई लातूरला खोली घेऊन डबे करत बसली. मी गावच्या शाळेत मास्तर, माझी मनस्विनीही अकरावीला तिकडंच गेली. राखणीला रानात जायला कुणी उरलं नाही, मग संघाची वर्गणी कोण देणार? पहिल्यांदा निम्मी आली, मग दोघांची आली, मग कुणाचीच नाही. एका पेपरात कोपऱ्यात बातमी आली, ‘बंदूकवाल्यांचा संघ डबघाईला’. ईश्वरप्पानं ती आपल्या हॉटेलात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवली.

“आता डुकरांनीच वर्गणी काढावी,” तो म्हणाला, “लई वर्सं जगवलंय त्यास्नी शेषेरावानं.”

हॉटेल खदखदून हसलं. मीही हसलो, आणि शेषेराव दारातच उभे होते. त्या हसण्यात नुसता खोडसाळपणा नव्हता. आमच्या बापांनी वरातीत बार काढून गावाला थोडा ताप दिला नव्हता. ईश्वरप्पाचा बैल एकदा असाच बिथरून पाय मोडून बसला, त्याची माफी कुणी मागितली नाही. पण तो बार काही शेषेरावांनी काढला नव्हता. ते आत आले, चहा न घेता माझ्या शेजारी बसले.

“गुरुजी, परवान्याची मुदत सरत आली. तुमच्या वडलांला जाऊन सात वर्सं झाली, अजून त्यांच्याच नावावर हाय. एक सही द्या, फी द्या. नावावर करून घेऊ, न्हाईतर जमा करून टाकू. संघाकडं आता दमडी न्हाई, न्हाईतर मीच भरली असती.”

“काका, मनस्विनीची बारावी होऊ द्या,” मी म्हणालो. “तोवर असू द्या तुमच्याकडंच.”

ते नऊ घरं फिरले आणि नऊ घरांनी हेच सांगितलं. कुणाची दहावी, कुणाची बारावी.

दोन हजार चारच्या निवडणुकीआधी नेहमीसारखा हुकूम आला की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा. शेषेरावांनी नेहमीसारखीच बैलगाडी जुंपली आणि खोळी घातलेल्या बंदुका रचून नेल्या. आधीचे पोलीस मोजून पावती देत. नवा अधिकारी तारखा वाचणारा निघाला. नऊही परवाने मेलेले, आणि हत्यारं एकाच माणसाच्या घरातून आलेली. त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं.

टेबलावर आईचं लुगडं होतं. लाल काठ कडेला लोंबत होता.

“वडिलांची ही बंदूक तुम्ही स्वतः यांच्याकडं ठेवायला दिली होती?” अधिकाऱ्यानं विचारलं.

आदल्या दिवशी बायको म्हणाली होती, “पोरीचं वरीस हाय. बापावर केस झाली तर तिला कोण घेणार डॉक्टरकीला?” शेषेराव बाकावर बसले होते. माझ्याकडं अगदी भरवशानं बघत होते. माझ्याआधी सात जण नाही म्हणून गेले होते, राहिलेल्यांत मी शिकलेला.

“नाही,” मी म्हणालो. “वडील गेल्यावर ती कुठं होती, मला ठाऊक नाही.”

“गुरुजी,” एवढंच ते म्हणाले. मी सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

अकरा दिवसांनी त्यांना जामीन मिळाला. मग तारखा सुरू झाल्या. क्लासच्या पोरांनी भरलेल्या एसटीत ते लातूरपर्यंत उभे राहून जात. गावात कुणी विचारलं तर म्हणत, “पोरांची वर्सं होती, काय करतील बिचारे.” ते ऐकलं की मला त्यांचा राग यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं एका वकिलानं मला सहज सांगितलं की खरं बोलला असतात तर फार तर दंड झाला असता आणि पोरीच्या प्रवेशाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तोवर मनस्विनी औरंगाबादला दुसऱ्या वर्षाला होती. निकाल लागायच्या आधीच, तिसऱ्या उन्हाळ्यात, शेषेराव कोर्टाच्या आवारात बसल्या जागी गेले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी धोंडाबाई आमच्याकडं आल्या. काखेत गाठोडं होतं. ठाण्यातून खोळी मागून आणल्या होत्या, उसवून, धुऊन, घड्या घातल्या होत्या. त्यातलं हिरवं कापड काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं.

“बंदूक तुमची न्हवती, गुरुजी. कागदावर तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “पर लुगडं आईचं हाय का बघा. नसंल तर परत नेते.”

बायको आतून बघत होती. मी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणालो, “आईचंच आहे, काकू.”

त्यांनी मान हलवली, गाठोडं बांधलं आणि पुढच्या घरी गेल्या. मी खरं बोललो होतो, पण या वेळी लिहून घ्यायला तिथं कुणी नव्हतं.