बाराव्या पानावर ‘मले’, चाळिसाव्यावर ‘मला’

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत मी कोणी न बोलावता येऊन बसले आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. चौतीस वर्षे मी साकोलीच्या एका शाळेत मराठी शिकवली. दुसऱ्यांनी लिहिलेले समजावून सांगणे हे माझे काम होते आणि ते मला बऱ्यापैकी जमत असे. स्वतः लिहिण्याचे धाडस मात्र निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झाले, तेही इतक्या भीतभीत की पहिले सहा महिने मी वही तांदळाच्या कोठीमागे ठेवत असे. घरात माझ्याशिवाय कोणी राहत नाही, तरीही.

मला एक कादंबरी लिहायची होती. तिच्यात मुख्य अशी एकच बाई असणार होती: लाखांदूरकडच्या एका खेड्यातली, दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून एकुलत्या मुलीला शिकवणारी. ही बाई म्हणजे माझी आई, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. तिला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. घरात तिचा फोटो होता, दोन लुगडी होती, चष्मा होता. ती बोलताना कशी दिसे हे मात्र पुसट होत चालले होते. ते पूर्ण पुसले जाण्याआधी तिला निदान कागदावर चालती-बोलती करावी, एवढीच माझी इच्छा होती.

पात्र खरे वाटायचे असेल तर त्याची सगळी माहिती लिहिणाऱ्यापाशी हवी, त्यातली निम्मी पानावर आली नाही तरी चालेल, असे मी वर्गात सांगत आले होते. म्हणून एक वेगळी वही केली. डाव्या नाकपुडीत चमकी. डाव्या नडगीवर विळ्याचा व्रण. भात कालवताना करंगळी बाहेर. लाखोरीच्या डाळीत लसूण ठेचून, चिरून कधीच नाही. हसताना तोंडावर पदर, रडताना नाही. केवळ आठवणीवर विसंबू नये म्हणून आषाढात एसटीने लाखांदूरकडे गेले आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधीत उतरले. एका चिमटीत किती रोपे धरतात, अंगठा कुठे दाबतात, कमरेत कळ आधी येते की मांडीत, हे मी बायकांना विचारत होते. “म्याडम, पाय फसला तं निघत नाही बरं! शाळा नव्हे हे!” असे म्हणून त्या हसल्या. पाय खरोखरच फसला. दोघींनी काखेत हात घालून ओढून काढले. तेही मी वहीत लिहिले.

सव्वाशे पाने झाली तेव्हा ती मी एका निवृत्त सहकाऱ्यांना वाचायला दिली. ते विज्ञान शिकवत. आठ दिवसांनी पाने घेऊन आले, चहा नको म्हणाले आणि खुर्चीत नीट बसण्याआधीच त्यांनी विचारले,

“बाई, तुमची ही नायिका बाराव्या पानावर लाखांदूरची आहे आणि चाळिसाव्यावर पुण्याची. मधे बदली झाली काय तिची?”

मला कळले नाही.

“हे बघा. बाराव्या पानावर म्हणते, ‘मले नाही पाहिजे.’ चाळिसाव्यावर म्हणते, ‘मला नको.’ सत्तराव्यावर पुन्हा ‘मले’. मी खुणाच करून ठेवल्या. ‘मले’ला तांबडी, ‘मला’ला निळी. पान उलटलं म्हणून माणसाचा रक्तगट बदलतो का? नडगीवरचा व्रण जागच्या जागी ठेवलात, अन् जीभ गावभर फिरवली!”

ते गमतीने बोलत होते. मी हसलेही असेन. पण ते गेल्यावर पाने उघडायला माझा हात धजेना. आयुष्यभर मी इतरांच्या वह्यांत हीच चूक शोधत आले होते. वर्गात कोणी ‘मले’ म्हटले की त्याला दहा वेळा ‘मला’ लिहायला लावत असे. आता माझ्याच आईला एक भाषा धड देता येत नव्हती.

मी ठरवले की सगळीकडे ‘मले’ करायचे. ती खेड्यातली, शाळेत न गेलेली बाई. ती तसेच बोलणार. महिनाभर बसून सव्वाशे पाने नव्याने उतरवली आणि मोठ्याने वाचून पाहिली. आईचे लुगडे नेसून दुसरेच कोणी घरात वावरत आहे असे वाटले. मग उलट, सगळीकडे ‘मला’ करून पाहिले. ते तर तिसऱ्याच कोणाचे बोलणे होते. नेमके काय बिघडले आहे ते कळत नव्हते, आणि विचारावे असे एकच माणूस उरले होते: आईची धाकटी बहीण, अड्याळची मावशी.

लहानपणी रोवण्याच्या दिवसांत मावशीकडे मदतीला जाताना आई मलाही घेऊन जात असे. याच मावशीने मला तळ्याच्या पाळीवर खांद्यावर बसवून फिरवले होते. आता ती ऐंशीच्या पुढे गेलेली. मी दारात दिसताच ती भिंतीला धरून उठू लागली.

“या, या. तुम्ही बसा. तुम्हाला चहा देते मी.”

आणि लगेच आत सुनेकडे तोंड करून, “काहून वं, चाय मांडून राहिली का झोपली? म्याडम आली ना!”

दोन वाक्ये, आणि एकाच तोंडात दोन बायका. मी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो मांडीवर ठेवला आणि मावशीला आई कशी बोलत असे ते विचारले. “मला नाही आठवत. चांगली बोलत होती,” एवढेच ती म्हणाली. प्रत्येक शब्द ती पायरी चाचपडत उतरावे तसा उच्चारत होती. मला राहवले नाही. मी म्हणाले, “मले सांग ना मावशी. माय कशी बोले?”

मावशी हसली. तोंडात दात नव्हते. तिने तोंडावर पदर धरला, अगदी आईसारखा.

“राहू दे वं बाई. तुया तोंडात नाही बसत ते. नाटकातली नटी बोलल्यावानी वाटते.”

नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत मी दुसरे काहीच बोलत नव्हते. आईला मी ‘माय’च म्हणत असे; ‘आई’ हा शब्द शाळेतून आणला. तिच्या बोलण्यातला शेवटचा शब्द माझ्या तोंडातून कधी गेला, ते मला सांगता येणार नाही.

माझा चेहरा पाहून असेल, मावशीने तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, “पहिले तो फोन बंद कर.”

मी केला.

“तुया मायनं मले बजावून ठेवलं होतं. पोरीसमोर बोलशीन तं नीट बोलजो, तिले लाज वाटते.”

“मी एकदाच म्हणाले होते, मावशी.” ते मला आठवत होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुख्याध्यापक घरी आले होते. आई त्यांना म्हणाली, “काहून उभे हा, बसा नं.” ते हसले. ते गेल्यावर मी म्हणाले, “आई, पाहुण्यांसमोर जरा नीट बोलत जा.” बस्स, एवढेच.

“एकदाच म्हटलं असशीन. तिनं आयकलं ना पन. मायाकडं रोवण्याले ये, तं वाकल्या-वाकल्या घोकत राहे. मला, तुला, कशाला. बाया हासत. ‘आली वं म्याडमची माय, आता बांधीतला चिखलई शुद्ध बोलन!’ तीही हासे. पन घोकनं नाही सोडलं तिनं. आमच्यासंग आमच्यावानी. तुया घरी गेली का तुयावानी.”

“मग शेवटी? अगदी शेवटी ती कशी बोलत होती?”

“ते मले काय माहीत? तिथं तूच होती नं.”

निघताना ती दारापर्यंत आली. “सांभाळून जा हं. तुम्हाला बस मिळेल,” असे म्हणाली. मी वळून पाहिले नाही.

साकोलीला परत आल्यावर जुनी पाने काढली, सहकाऱ्यांनी खुणा केलेली. पहिल्या निळ्या खुणेपासून सुरुवात केली. चाळिसावे पान: आई स्वयंपाकघरात, मुलगी दारात. ‘मला नको.’ त्रेपन्नावे: मुलगी वह्या तपासत आहे, आई पलंगावर. ‘मला’. आता तांबड्या. बारावे: आई आणि शेजारीण तळ्यावर. ‘मले’. सत्तरावे: मुलगी शाळेत शिकवायला गेलेली, आई दारातल्या गाईशी बोलते. ‘मले’. अठ्ठ्याऐंशीवर मुलगी खोलीत असताना आई बोलते आणि तरीही खूण तांबडी होती. क्षणभर वाटले, हा अपवाद. पुन्हा वाचले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि आईला ती झोपली आहे असे वाटत होते.

सव्वाशे पानांत एकही खूण चुकलेली नव्हती. नोकरी लागल्यानंतरच्या पानांत मी खोलीत असले की आई ‘मला’ म्हणत होती, नसले की ‘मले’. तिच्यासोबत इतकी वर्षे काढून मला हे कधी जाणवले नव्हते. लिहिताना हाताने मात्र प्रत्येक वेळी बरोबर लिहिले होते.

सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते उठून उभे राहिले. “म्हणजे चूक नाहीच बाई, हा तर नियम निघाला! पात्र कसं पक्कं आहे तुमचं! माझे शब्द मागे घेतो. आता काही बदलू नका. शेवटचं पान तेवढं लिहा अन् मोकळ्या व्हा.”

शेवटच्या पानावर काय आहे ते त्यांना मी सांगितले नव्हते.

ती एक दुपार आहे. आई अकरा दिवस अंथरुणावर होती. कूलरच्या पाण्याचा वास खोलीत होता. मी ग्लास उचलायला वाकले तेव्हा तिने माझे मनगट धरले आणि तिला भीती वाटते असे सांगितले. मी म्हणाले, “काही होत नाही आई, डॉक्टर येत आहेत.” त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळी गेली.

तिच्या बोटांचा दाब मला आठवतो. ओठांच्या कोपऱ्यातली पांढरी रेघ आठवते. कोणत्या कुशीवर होती, उशीची खोळ कोणती होती, हेही आठवते आणि ते सगळे वहीत आहे. ते वाक्य आठवत नाही. त्याचा अर्थ तेवढा उरला आहे. आठवायला गेले की ते माझ्याच आवाजात, माझ्याच व्याकरणात ऐकू येते. तिचे बोलणे मी आयुष्यभर मनात दुरुस्त करूनच ऐकले. शेवटचेही तसेच ऐकले असणार.

नियमाने पाहिले तर उत्तर सोपे आहे. मुलगी खोलीत आहे, म्हणून ‘मला भीती वाटते.’ पात्राशी प्रामाणिक राहायचे तर हेच लिहायला हवे. पण हे लिहिले की मला असेही लिहावे लागते, की जीव जात असताना त्या बाईने आधी लेकीला आवडेल असा शब्द शोधला आणि मग भीती सांगितली. दुसरे वाक्य ‘मले भेव लागते’. ते खरे असेल, तर आयुष्यात त्या एकाच वेळी ती माझ्याशी आपल्या माणसाशी बोलावे तशी बोलली, आणि मी तिला डॉक्टरांचे सांगितले.

दोन्ही वाक्ये मी अनेकदा लिहिली आणि प्रत्येक वेळी पान फाडले. कधीकधी रिकाम्या घरात दोन्ही मोठ्याने म्हणून पाहते. पहिले धड्यातले वाटते. दुसरे, मावशी म्हणाली तसे, नटीचे. तो आवाज जुळवून पाहण्यासाठी आता मावशीही नाही. ती या चैत्रात गेली. माझ्या फोनमध्ये तिची तेवढी दोन-तीन सावध, शुद्ध वाक्ये आहेत. ती खरी बोलायला लागली तेव्हा फोन बंद होता.

आईची बाकीची सगळी पाने तयार आहेत. व्रण डाव्या नडगीवर आहे, लसूण ठेचलेला आहे, रोपे चिमटीत मोजून धरलेली आहेत. शेवटच्या पानावर एका ओळीची जागा मोकळी सोडली आहे आणि वर्ष झाले, मी ती भरू शकलेले नाही. मला आता स्वतःवर विश्वास उरलेला नाही, म्हणून हे तुमच्यापुढे ठेवण्याचे धाडस केले. तुमच्याही घरात कोणीतरी असे दोन तऱ्हांनी बोलत असेल, तर मला सांगा: त्या दुपारी माझे मनगट धरून ती काय म्हणाली असेल?