खाला आणि मस्कतचं मशीन

विजेच्या कुठल्याही वस्तूला खाला पहिला हात लावायची तो उलटा. तापलेल्या पोराचं कपाळ आपण बोटं आत वळवून मागच्या बाजूने बघतो ना, तस्संच. मिक्सर असो, फ्रिज असो, नाहीतर कुणाकडे नव्याने आलेला ओव्हन असो, आधी उलटा हात, मग सुलटा. मी एकदा विचारलं, हे काय गो तुझं? तर म्हणाली, "उलट्या हाताला झटका बसला की हात आपसूक मागे येतो, बाय. तळहाताने धरलंस तर तू त्याला नाय धरत, तो तुला धरतो." हे बोलताना ती कांदा चिरत होती, मान वर करूनसुद्धा बघितलं नाही तिने. मी मात्र घरी गेले आणि चार दिवस माझ्याच मिक्सरला भीत होते.

आमची आळी रत्नागिरीत वर सड्यावर. खाली सगळा जांभा दगड, चार बोटं माती म्हणजे श्रीमंती. तिच्या आणि माझ्या मागच्या दारांमध्ये कमरेइतका दगडी गडगा, बाकी काही नाही. ती मूळची बुरोंडीची. नवरा बोटीवर होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकुलता मुलगा मुश्ताक मस्कतला, बायकोला घेऊन. खालालाही नाव होतं, कागदोपत्री असेल कुठेतरी. पण आळीतल्या आम्हा सगळ्यांची, हिंदूंची काय नि मुसलमानांची काय, ती खालाच. हाताला चव अशी, की कुणाकडे पाहुणे येणार असले की तिच्याकडे आधी निरोप जायचा. आणि कुणाला स्वयंपाकघरात नवी वस्तू घ्यायची असली की तिला बरोबर घेतल्याशिवाय माणूस दुकानाची पायरी चढत नसे.

माझा मिक्सर घ्यायला आम्ही गेलो ते मी कधी विसरणार नाही. ही बया पिशवीत डबा घेऊन आलेली. डब्यात भिजवलेले तांदूळ, खोवलेलं खोबरं आणि सहा सुक्या मिरच्या. दुकानदाराने लांबूनच हात जोडले. "आल्या का इन्स्पेक्टरीणबाई! खाला, हे दुकान आहे, तुझी चूल नाय."

"मुलगी बघायला गेल्यावर तिला चालून दाखव म्हणतात ना? मग हा वाटून दाखवू दे," खाला म्हणाली. "बघायला सगळेच गोरे असतात."

आणि खरंच त्याच्या काउंटरवर तिने वाटण वाटायला लावलं. पण त्याआधी तिने मिक्सर उचलून पालथा केला, मग वायर हातात घेऊन शेवटपर्यंत चाचपली, मग पिन बघितली. रंग, भांडी, वॉरंटी, त्यातलं काही विचारलं नाही. दोन पायांची पिन असली की वस्तू परत. "ही दुसऱ्या कुणाला दे. तिसरा पाय हवा, नि तो जाडा हवा. बिघडला तर बिघाड त्या पायाने जमिनीत जाईल. तो पाय नसला तर तुझ्या पायाने जाईल." दुकानदार हसला. मीही हसले. ती हसली नाही.

तिच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. वायरमनने कोळसा आणि मीठ भरून केलेला, वर पत्र्याचं झाकण. आमच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन अशी कोरडी होते की तिच्यातून काही जात नाही, पाणी नाही नि वीजही नाही. म्हणून खाला फाल्गुनापासून रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात मासे धुतल्याचं पाणी ओतायची. प्यायचं पाणी टँकरने यायचं तेव्हासुद्धा हिची बादली चुकली नाही. आम्ही तुळशीला पाणी घालायचो, ती खड्ड्याला. पोरं चिडवायची, "खालाने दगडाला पाणी घातलं, दगडाला पालवी फुटणार!" ती म्हणायची, "पालवी नको रे, मुडद्यांनो. तुम्ही जगलात तरी पुष्कळ."

एकदा पलीकडच्या घरात नवी सून आली, सायली. फ्रिजच्या दांड्याला हात लावला की तिला मुंग्या यायच्या. नवरा म्हणे, थोडं येतंच, सवय होईल. खालाच्या कानावर हे गेलं मात्र, ती त्यांच्या घरात गेली, फ्रिज बंद केला, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली. सायलीचा नवरा म्हणाला, "खाला, आतलं दूध नासेल." ती म्हणाली, "नासू दे. बायको नासली तर दुसरी मिळेल, असं वाटतंय काय तुला?" दुपारी वायरमन आला, त्याने सुटलेली हिरवी वायर जोडली, तेव्हा कुठे ती उठली. अशी ती. म्हणून तर पुढचं मला अजून उमगत नाही. आणि उमगतंही.

मुश्ताक दोन वर्षांपूर्वी रजेवर आला तो एवढं मोठं खोकं घेऊन. आत मशीन. अख्खं लोखंडी, आरशासारखं चकचकीत. वाटायचं, मळायचं, खिमा करायचा, सगळं त्यात. तिकडे मोठ्या घरांतून असतं तसलं. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू निवडल्या, आता तिच्यासाठी आपण निवडायची, असं त्याच्या मनात कितीतरी दिवस होतं. तिच्या ओट्यावर त्याने ते ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा पाचवीत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता. मी गडग्यावरून उडी मारूनच आले म्हणा ना बघायला.

मशीनची पिन तिकडची होती, चौकोनी पायांची. आपल्या भिंतीत ती जात नाही. मुश्ताकने खिशातून पांढरा कन्व्हर्टर काढला. चौकोनी पिन त्यात खोचली आणि कन्व्हर्टर भिंतीत. भिंतीत गेले ते त्याचे दोनच पाय. मी मोजले. खालाने माझ्याही आधी मोजले असणार.

मुश्ताक म्हणाला, "लाव अम्मी."

तिने बटण दाबलं. मग सवयीने उलटा हात पुढे केला. मशीनच्या अंगाला बोटं टेकली आणि हात टचकन मागे आला. अगदी एवढासा. मी बघितलं.

"काय झालं?" मुश्ताक.

"काय नाय," खाला म्हणाली. "थंड हाय लोखंड." आणि हसली.

तो परत गेल्यावर मी तिला म्हटलं, वायरमनला बोलव, ती पिन काप आणि आपली तीन पायांची लाव, अर्ध्या तासाचं काम. ती मशीन पुसत राहिली. पुन्हा म्हटलं तेव्हा म्हणाली, "तो सांगून गेलाय, वायर कापलीस तर वॉरंटी जाते."

"वॉरंटी बघायला तू कधी लागलीस?"

"त्याने निवडलंय गो. माझ्यासाठी पहिल्यांदा कुणी काय निवडलंय." मग म्हणाली, "पुढच्या रजेत आला नि कापलेली पिन बघितलीन तर? त्याला काय सांगू, तू आणलंस ते चुकीचं होतं?"

तिच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून कुणाला येऊ दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या महिन्यापासून ती स्वतः रबरी सपाता घालून ओट्याशी उभी राहायला लागली. पायाखाली लाकडी पाट. मशीनला हात लावायचा तर पदर घडी करून. शुक्रवारी मुश्ताकचा व्हिडिओ कॉल आला की ती पाटावरून उतरायची, पदर सोडायची, मशीनवर सरळ हात ठेवून त्याला दाखवायची, "बघ, कसं चालतंय." ओठ मात्र घट्ट मिटलेले. फोन ठेवला की हात झटकत बसायची.

"खाला, एक दिवस मरशील," मी रागाने म्हटलं.

"मुंग्या येतात तेवढ्या. पोराने हात धरल्यागत वाटतं," ती म्हणाली आणि डोळा मारलान मला. त्यावर मी हसले. ते हसणं मला अजून पचत नाही. सायलीच्या फ्रिजसमोर ती खुर्ची टाकून बसली होती. मला ते जमलं नाही. तिच्या घरात जाऊन वायर ओढायला मी कोण, असं वाटलं. शेजारधर्मातही एक भिडस्तपणा असतो, तो माणसं मारतो.

गेल्या वैशाखातली सकाळ. मी मागच्या दारी तांदूळ निवडत होते. पलीकडे मशीन सुरू झालं. आदल्या दिवशी बोलली होती, तांदळाची सांदणं करणार म्हणून. मशीन चालत राहिलं. तांदळाला तेवढा वेळ लागत नाही. मी हाक मारली, "खाला, पीठ करतेस का पाणी?" उत्तर नाही. मशीनचा आवाज तसाच, एकसुरी, कुणी न थांबवलेला. मी सूप खाली ठेवलं. गडगा कसा ओलांडला ते मला आठवत नाही.

ती ओट्याखाली कुशीवर होती, झोपल्यासारखी. लादी नुकतीच पुसलेली, ओली. सपाता दाराशी, धुऊन उभ्या करून ठेवलेल्या. आधी मी तिच्याकडे धावले नाही. तिनेच शिकवलं होतं ते केलं, बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. मग तिला हात लावला, श्वास नव्हता. मग उठून भिंतीतला तो पांढरा कन्व्हर्टर उपसला, कमरेला खोचला आणि त्यानंतर ओरडले.

डॉक्टर आले. सत्तरीच्या पुढची, साखरेचा त्रास, वैशाखाचा उकाडा. हृदय म्हणाले. अंगावर कुठे खूण नव्हती. मी कमरेचा कन्व्हर्टर पदराखाली झाकला. त्याच दिवशी मातीही झाली, मुश्ताक पोचला तिसऱ्या दिवशी. त्याने मला एकच विचारलं, "मावशी, काय करत होती ती?"

"काही नाही रे. बसली होती."

तो ओट्याशी गेला, मशीनवरून हात फिरवला. म्हणाला, पावस गावात चुलतबहीण आहे, शबाना, तिला देतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला दे. तिची आठवण." त्याला बरं वाटलं. त्याने स्वतः उचलून ते माझ्या घरी आणलं. तो गेल्यावर मी कात्रीने वायर मुळापासून कापली आणि मशीन माळ्यावर टाकलं.

पुढे दर शुक्रवारी मला फोन यायला लागला. आईची वेळ त्याने मला दिली. "मावशी, मशीन चालतं ना?" मी म्हणायची, "चालतं रे." आणि मग तो जेवणाखाण्याचं विचारायचा. एकेक शुक्रवार असा गेला. मला वाटायचं, मी एका पोराला वाचवतेय. त्याने प्रेमाने आणलेल्या वस्तूने आई गेली, हे त्याला कशाला कळायला हवं? माझ्याबरोबर जाईल ते.

ह्या श्रावणात असाच फोन आला. आवाज खुशीत होता. म्हणाला, "मावशी, शबानाचं लग्न झालं ना, तिलाही तसलंच मशीन पाठवलं. अम्मीला आवडलं होतं म्हणून. मित्राबरोबर दिलं, काल पोचलं पण. कन्व्हर्टर आठवणीने घातलाय त्यात. आज पहिल्यांदा लावणार म्हणत होती."

शबानाचं सासरही पावसमधलंच, ते घर मी लग्नात पाहिलंय. नारळीच्या बागेत, लादी कायम ओली. सकाळचे नऊ वाजले होते, वाटण घालायची वेळ.

"मुश्ताक," मी म्हटलं, "तिला आत्ताच्या आत्ता फोन कर, मशीनला हात लावू नको म्हणून सांग. का ते विचारू नकोस. आधी कर, मग मला लाव."

सहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "तिने लावलं नव्हतं अजून. खोकंच फोडत होती. काय झालंय, मावशी?"

"शेजारी कोणी आहे का तुझ्या?"

"नाही."

"मग खाली बस आधी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याला आधीच कळलं असावं, असं मला वाटतं, कारण मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मशीन चालू होतं ना, त्या दिवशी?"

"होतं," मी म्हटलं.