बाजू संपू दे

"हात काढा पावणं. बाजू संपू दे."

रेकॉर्डवरच्या सुईकडे कुणाचा हात गेला, की मिस्त्रींचा पंजा मध्ये यायचा. रुंद पंजा, बोटांवर डाख देताना बसलेले चटके, आणि चेहरा असा की समोरच्याने त्यांच्या ताटातली भाकरीच उचलली आहे.

शाहूपुरीत माझे टायपिंगचे क्लास होते, शेजारी त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. मागेच घर, मध्ये फक्त पडदा. दर रविवारी सकाळी ते दुरुस्तीचं टेबल आवरून एक जुनी एलपी लावायचे. हे गाणं नको, ते लावा, असली सोय नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलटून दुसरी बाजू. त्याआधी ते बोलायचे. ती रेकॉर्ड आली त्या साली कुठल्या बँडवाल्याने त्यातलं गाणं सगळ्यात आधी बसवलं, तालमीतली पोरं दूध प्यायच्या निमित्ताने दुकानासमोर कशी रेंगाळायची, कुठल्या मास्तरांनी नाक मुरडलं आणि महिन्याभरात तेच गाणं गुणगुणताना कसे सापडले. मला माझं गाव त्या दुकानात कळलं.

एका रटाळ गाण्याला मी एकदा कुरकुरलो.

"गाणं चांगलं हाय सर, तुमचं कान कच्चं हाईत," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी आवडंल."

सांगायला लाज वाटते, पण आवडलं.

नव्वदीच्या सुरुवातीला वीसेक माणसं जमायची. मग घरोघरी केबल आली, सीडी आल्या, आणि दहा वर्षांत आम्ही तिघं उरलो. बैठक मोडणार हे दिसत होतं. तेवढ्यात एका केबल चॅनलने त्यांना कार्यक्रमासाठी विचारलं. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी कोरून घेतली. "आता समद्या गावाला ऐकवतो की!"

दुकानात दिवे लागले, कॅमेरा लागला. मिस्त्री झकास बोलले. सुई टेकली. पहिला अंतरा संपताच चॅनलच्या पोरसवदा साहेबाने थांबवायची खूण केली. प्रत्येक गाण्याचा एवढाच तुकडा, मग जाहिरात, असं त्याचं गणित.

पंजा मध्ये आला. "बाजू संपू दे."

"मिस्त्री, लोक चॅनल बदलतील."

"बदलू द्यात. ऱ्हातील ती आपली."

साहेबाने दिवे उतरवले, वायरी गुंडाळल्या, माणसं गेली. मिस्त्री सुईवर नजर ठेवून बसले होते. बाजू संपल्यावर त्यांनी शांतपणे रेकॉर्ड उलटली.

मला राग आला. "हट्टापायी गाव घालवलंत," मी म्हणालो. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी टायपिंगच्या खडखडाटात येऊन त्यांनी माझ्या टेबलावर एक कॅसेट आपटली.

"गाव येत न्हाय न्हवं? मग आमी जातो गावाकडं."

साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. आधी आठ मिनिटं मिस्त्रींचं बोलणं, मग रेकॉर्डची अख्खी बाजू. समोर घड्याळ ठेवून ते भरायचे. अशा कॅसेटी बैठकीतल्या पांगलेल्या माणसांकडे जाऊ लागल्या. राधानगरीला एक, कळंब्याला जेलच्या निवृत्त शिपायाकडे एक. माझी मुलगी म्हणते, हल्ली याला पॉडकास्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

मग त्यांची बायको गेली. दोन महिने दुकान बंद होतं. उघडलं त्या दिवशी त्यांनी मला एक कॅसेट दिली. त्यात ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले होते. लग्नाच्या साली घेतलेली रेकॉर्ड. रविवारी आम्ही पुरुष पुढे बसायचो आणि ती पडद्यामागे भाकरी थापायची. "तिनं आवडनिवड कदी सांगितली न्हाय. पर ह्या बाजूचं शेवटचं गाणं लागलं, की थापायचा आवाज थांबायचा. मला पडद्याअलीकडं कळायचं."

बोलता बोलता त्यांचं घड्याळाकडे लक्ष राहिलं नव्हतं. तेच शेवटचं गाणं अर्ध्यावर आलं आणि टेप संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात. "कॅसेट द्या सर. गाणं अर्धं ऱ्हायलंय. बोलणं कापून परत भरतो."

उभ्या आयुष्यात ज्याने कुणाला गाणं कापू दिलं नाही, तो माणूस तिच्या आठवणी कापायला निघाला होता. मी दिली नाही. आज सापडत नाही, उद्या बघतो, असं सांगत राहिलो. त्यांनी ओळखलं असणार. दर भेटीत शिव्या घालायचे. शेवटी दवाखान्यातही खाटेवरून म्हणाले, "अर्धं गाणं ठेवलंयसा घरात. शोभतं का?"

"शोभतं," मी म्हणालो. ते तोंड फिरवून झोपले, पण माझा हात सोडला नाही.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पूर्ण गाणं कुठेही मिळतं. मुलीने शोधूनही दिलं. मला नको आहे. रविवारी सकाळी मी ती कॅसेट लावतो. मिस्त्री बोलतात, गाणी होतात, शेवटचं सुरू होतं आणि मध्येच तुटतं. त्या क्षणी आमच्या स्वयंपाकघरात काही वाजत असलं, तर 'थांबा' म्हणून मी हात वर करतो.