धाकटीचं बेसिन

माझी धाकटी बहीण तीस वर्षं स्वतःच्या पार्लरमध्ये लोकांचे केस धूत होती. कापायचीही चांगले, पण बायका यायच्या त्या तिच्या धुण्यासाठी. बेसिनवर मान टेकली की बडबडी बाईसुद्धा गप्प व्हायची. धाकटीच्या चेहऱ्यावरही तेव्हा एक शांतपणा यायचा, मला तो नीट सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली, मग कातडी फुटली. तिने पाण्याला दोष दिला. ‘सौम्य’ लिहिलेला शाम्पू आणला, वर हातांना क्रीम चोपडू लागली. जितकं चोपडावं तितकी आग. शेवटी मीच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीसाठी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस अंघोळ बंद. नंतर पाहिलं तर एका जागी लालभडक चट्टा.

“बाटलीतला माल नासू नये म्हणून जे घालतात, ते तुम्हाला सोसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “शाम्पूत आहे, त्या क्रीममध्येही आहे. आता जन्मभर टाळायचं.”

“म्हणजे विकतचं दुखणं,” धाकटी म्हणाली. “माल टिकला, हात नासले.”

हात बरे झाले. डॉक्टरांनी सांगितलेले हातमोजे घालून तिने आठवडाभर केस धुतले.

“दादा, हाताला नुसता ओला गोळा लागतो रे. खाली माणूस आहे की भोपळा, कळत नाही.”

मग तिने धुवायला एक बाई ठेवली आणि स्वतः कात्री धरली. मी दुपारी तिथे पेपर वाचत बसतो. बेसिनवर कुणी मान टेकली की धाकटीची कात्री थांबते आणि ती तिकडे बघत राहते.

परवा ती बाई लवकर गेली. गिऱ्हाईकही नव्हतं. मी उठून बेसिनपाशी बसलो.

“काय झालं?”

“धू.”

“डोकं फिरलंय का तुझं? शाम्पू कोण लावणार?”

“नुसत्या पाण्याने धू. इथे शाम्पू लावायला केस आहेत कुठे?”

“हे काय धुणं झालं? हे तर बशी विसळणं.”

“मग विसळ.”

तिने सवयीने उचललेले हातमोजे परत ठेवले. कोमट पाणी सोडलं. तिची उघडी बोटं कानामागून मानेपर्यंत सावकाश फिरू लागली. पाणी थंड झालं तरी ती थांबली नाही, आणि मीही तिला थांब म्हटलं नाही.