माझी सरकारी सवत

राष्ट्रीय आपत्ती दल बंद करावं की सुधारावं, यावर गावोगाव सुनावण्या चालल्या होत्या. आमच्याकडच्या सुनावणीत 'बंद करा' असं सांगायला मी नाव दिलं होतं. नवरा त्याच दलात. लोकांची तक्रार वेगळी होती: पुरात दल पोचेपर्यंत पाणी ओसरलं, वरून हुकूम आल्याशिवाय बोटी गोदामाबाहेर निघत नाहीत. माझी तक्रार साधी होती. मला ही सवत नको होती.

सवत नाही तर काय? आमचे हे घरात पाहुण्यासारखे राहायचे. दलाचा फोन वाजला की भरल्या ताटावरून उठायचे, आणि चेहरा कसा उजळायचा! माझ्या हाकेला कधी तसे उठले असतील तर शपथ.

दलात ह्यांना सगळे 'कान' म्हणतात. इमारत पडली की हे ढिगाऱ्यावर पालथे पडून कानोसा घेतात. ह्यांनी हात वर केला की यंत्रं बंद, माणसं गप्प, कुणी खोकतसुद्धा नाही. खालून बारीकसा आवाज आला की हे म्हणतात, "ऐकू येतंय. बोलत राहा." मी ते टीव्हीवर पाहिलं. कुणा परक्या बाईला, इतक्या मायेनं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गॅस संपलाय म्हणून मी स्वयंपाकघरातून घसा फोडला, तेव्हा ह्याच माणसानं साधं 'हं' केलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, कामाचा ताण असतो गं. असेल. म्हणून काय कान तिकडेच ठेवून घरी यायचं?

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. मी नाव दिल्याचं ह्यांना सांगितलं नव्हतं. सांगून तरी ऐकलं असतं कुणी? दलाची माणसं मागच्या भिंतीशी उभी होती, हेही त्यांच्यात. एक वकील म्हणाले, दलाला कुलूप लावा आणि माणसं अग्निशमनला देऊन टाका. एक शिक्षिका म्हणाल्या, हुकमाची भानगड काढा, दल राहू द्या. त्यावरून जी जुंपली! खुर्च्या सरकल्या, हातवारे सुरू झाले, आणि नेमकी तेव्हाच माझी पाळी आली.

मी माइक घेऊन बोलायला लागले. कोण ऐकतंय? माझा आवाज मलाच येईना.

तेवढ्यात मागे एक हात वर गेला. ह्यांचा. भिंतीशी उभी माणसं सवयीनं गप्प झाली, त्यांना बघून पुढची रांग गप्प झाली, आणि होता होता सगळा हॉल. हे मान जराशी तिरपी करून माझ्याकडे कान लावून उभे होते, टीव्हीवर दिसले होते तसेच.

खरं सांगू? तेव्हासुद्धा मी जळलेच. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तो हात असाच वर गेला असता. पण ज्या सवयीचा इतकी वर्षं राग राग केला, तिनंच आज मला बोलायला जागा करून दिली होती. 'बंद करा' काही तोंडातून निघेना.

"बंद नका करू," मी म्हणाले. "पण ह्यांना अधूनमधून घरी सोडत जा. कानासकट."

हॉल हसला. हे हसले नाहीत.

"ऐकू येतंय," ते मागून म्हणाले. "बोलत राहा."

मग मी गॅसपासून सुरुवात केली.