चिबडातलं घुबड आणि आप्पांचं ढेकूळ

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सासुरवाडीला एकटा निघालो, तेव्हा सुमनला, म्हणजे बायकोला, संशय आला. "आप्पांची आठवण आली," मी म्हणालो. आठवण येत होती ती घुबडाची. आप्पा म्हणजे माझे सासरे. निपाणीच्या अलीकडे त्यांची तंबाखूची शेती. शेताच्या टोकाला तळ्याचं पाणी झिरपून दलदल झालेली, गावच्या बोलीत चिबड. तिथल्या गवतात थंडीपुरतं येणारं आखूडकानी घुबड दिसल्याचं माझ्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षकांनी सांगितलं होतं. मी विज्ञान शिकवायचो, त्यामुळे शाळेची दुर्बीण माझ्याच कपाटात असे.

आज आमच्या बेळगावहून निपाणी तासा-सव्वातासात येते. ऐंशीच्या सुमारास मात्र लाल गाडी दर फाट्याला थांबायची. संकेश्वरला भजी खिडकीतूनच घेतली. खाली उतरलं की जागा गेली. निपाणी जवळ आल्याचं तंबाखूच्या वासानेच कळलं. मला सटासट शिंका आल्या, शेजारची आजी म्हणाली, "नवीन दिसतंय पाव्हणं!"

आप्पांच्या घरात घुबडाचं नावही काढत नसत. म्हणून मी सांगितलं, "बदकं बघायला आलोय."

"एवढ्या लांबनं? बदकं बघाय?" आप्पांनी सासूबाईंकडे पाहिलं. शाळामास्तराला मुलगी दिल्याचा पश्चात्ताप त्या नजरेत होता. तरी भाकरी-झुणका झाल्यावर, उन्हं उतरताना, ते स्वतः वाट दाखवायला आले.

बदकं खरोखरच होती. फावड्यासारख्या चोचीची थापट्या बदकं गढूळ पाणी चाळत होती, दोन केशरी चक्रवाक काठावर उभे. आप्पांनी दुर्बीण घेतली ती सोडेचनात. "लई जवळ दिसतंय की हो! पाय मोजून घ्या." मी मनात हसत गवताकडे बघत होतो.

सूर्य टेकला. गवतात काहीतरी तपकिरी हललं.

"ससा!" आप्पांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली, बांधावरचं ढेकूळ उचललं आणि मी "नको" म्हणेपर्यंत भिरकावलं.

ढेकूळ हातभर बाजूला पडलं. घुबड उठलं. लांब पंखांनी, आवाज न करता ते आमच्या डोक्यावरून गेलं. जाताना पिवळ्या डोळ्यांनी खाली पाहिलं. मी हरखून गेलो. वळून बघतो तर आप्पा मटकन खाली बसलेले.

"पाव्हणं, संपलं. घुबडाला ढेकूळ मारलं मी. आता ते ढेकूळ उचलून न्हेतंय, पाण्यात झिजवतंय. तसतसं मानूस झिजतंय."

समजावायला गेलो, पण ते उठेनात. घुबडाचं मी लपवलं नसतं तर त्यांनी दगड-ढेकळाला हातच लावला नसता. माझी मस्करी आता माझ्याच अंगाशी आली. "नेलं नाही त्यानं. आणून दाखवतो," म्हटलं आणि चिबडात उतरलो. गुडघाभर गाळ, एक चप्पल आतच राहिली. गवतात ढेकूळ कसलं सापडतंय! शेवटी हाताला लागलं ते उचललं आणि बाहेर येऊन त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

आप्पांनी ते फिरवून फिरवून बघितलं. "व्हय," म्हणाले. "हेच."

घरी परतून मी ही गंमत सुमनला तिखटमीठ लावून सांगितली. ती हसली नाही.

संक्रांतीला आप्पा बेळगावात आमच्या टिळकवाडीतल्या घरी आले. जेवताना सहज बोलले, "ते ढेकूळ माझं न्हवतं. मी मारलेलं कोरडं होतं, तुम्ही आनलं ते गाळाचं."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुम्ही परत आत शिरला असता. अंधार पडत आलता."

म्हणजे महिनाभर ती भीती त्यांनी एकट्यानं सांभाळली होती. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं: बदकांचं निमित्त, घुबडाची आधीपासूनची माहिती, सगळं. सुमन दारात उभी राहून ऐकत होती. आप्पांनी विचारलं, "येतंय कुठनं ते?"

"हिमालयाच्या पलीकडून."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"एवढ्या लांबनं आलतं बिचारं," ते म्हणाले, "आनि आम्ही ढेकूळ मारलं."